जीनच्या आवारातली फेरी

माझी पहिली नोकरी झाडांपुढे खुणा करण्याची होती. रोप जिवंत असेल तर रजिस्टरात बरोबरची खूण, मेलं असेल तर फुली. महिन्यातून एकदा सगळ्या ओळींमधून फिरायचं आणि हे काम करायचं. बाकीचे दिवस मजुरांची हजेरी, पाण्याच्या टँकरची वाट बघणं आणि खुर्ची.

ही नोकरी माझ्या नवऱ्याच्या जागेवर मिळाली होती. तो सामाजिक वनीकरणात होता. शिरपूरकडून रोपं भरून येणारा टेम्पो पावसात सोनगीरजवळ उलटला. ड्रायव्हर वाचला, हा वाचला नाही. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, मुलगी साडेतीन वर्षांची. मी रडले नाही. बायकांनी रडवायचा प्रयत्न केला. एकीने त्याचा शर्ट आणून माझ्या मांडीवर ठेवला. शर्टाची एक गुंडी तुटली होती. ही आता लावायला नको, एवढंच माझ्या मनात आलं.

सासर सावद्याचं, केळीवालं. वर्षश्राद्ध झाल्यावर सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मला ओसरीवर बोलावलं.

"अनुकंपाची जागा धाकट्याला मिळू दे," ते म्हणाले. "तू घरात राहा. तुला आणि पोरीला काही कमी पडू देणार नाही."

त्यात कपट नव्हतं. ते खरंच सांभाळणार होते. पण त्या घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघत. जेवताना, भांडी घासताना, देवापुढे उभी राहिल्यावर, आता तरी हिला रडू येतं का, असं. मला कुणी बघणार नाही अशी एखादी जागा हवी होती.

"आबा, मी जाते," मी म्हणाले. पुढे लोक त्याला माझं धाडस म्हणाले. धाडस वगैरे काही नव्हतं. मुलीला फैजपूरला आईकडे ठेवलं आणि दिवाळीनंतर मी धुळ्याला आले. देवपुरात एक खोली घेतली.

वनीकरणाच्या ऑफिसातल्या साहेबांनी माझा कागद बराच वेळ हातात धरून ठेवला. जागा रिकामी होती ती नेमकी नवऱ्याच्याच कामावरची. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला चालणार नसेल तर मी दुसरीकडे बघतो."

"चालेल," मी म्हणाले. मला तेव्हा काहीही चाललं असतं.

ती जागा म्हणजे आग्रा रोडला लागून असलेली एक बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी. सगळे तिला नुसतं 'जीन' म्हणत. कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधायच्या, असं ते काम. बंद होऊन सात-आठ वर्षं झाली होती. यंत्रं विकली गेली, पत्रे गेले, दारं-खिडक्यांच्या चौकटीही लोकांनी नेल्या. उरलं होतं एक धुरांडं, तीन भिंती, बॉयलरची छपरी आणि गठाणी दाबायच्या प्रेसचा खोल सिमेंटचा खड्डा. जमीन तेल आणि राख पिऊन काळी पडली होती. खात्याने ती ताब्यात घेतली, वरचा थर खरवडून काढला, तलावातला गाळ आणून पसरला आणि ओळींनी खड्डे घेऊन कडुनिंब, करंज, शिसव, चिंच, बोर लावली. हे सगळं नवऱ्याच्या हातून सुरू झालं होतं. मी आले तेव्हा काही रोपं कमरेएवढी होती, काही काडीएवढी.

ओसाड जागा हिरवी करायची, असं कागदावर होतं. मला ती ओसाडही वाटली नाही आणि हिरवीही. भिंतीला टेकवलेलं टेबल आणि बिनदाराची खोली, एवढंच मला दिसे.

पहिल्या महिन्यात मी पूर्ण फेरी मारली. दुसऱ्या महिन्यात अर्धी. तिसऱ्या महिन्यात मी उठलेच नाही. टेबलाशी बसून मागच्या पानावरच्या खुणा पुढच्या पानावर उतरवल्या. हात चालत होता. बाहेर काय जगलं, काय मेलं, याचा त्या हाताशी काही संबंध नव्हता.

तिथे कामाला पाच-सहा बाया होत्या. प्लास्टिकच्या पिशव्यांत माती भरायच्या, रोपांना पाणी घालायच्या. त्यांत सगळ्यांत म्हातारी जी होती तिला सगळ्या अक्का म्हणत. तिने याच जीनमध्ये वीस-बावीस वर्षं काढली होती. कापसाच्या ढिगातला काडीकचरा निवडायचं काम. तेव्हा उडणारी रुई तिच्या छातीत बसली ती बसलीच. दोन वाक्यांमध्ये तिला खोकला यायचा, आणि तो संपेपर्यंत ती शांतपणे थांबायची. दारात आलेल्या पाहुण्याला थांबावं तशी.

ती अहिराणी बोलायची. माझं माहेर-सासर पूर्वेकडचं, त्यामुळे सुरुवातीला मला ती अर्धीच कळायची. एकदा ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, तिसरी ओळ बकऱ्यांनी खाऊन टाकी," ती म्हणाली. "तू लिखं का ते?"

मी लिहिलं नव्हतं. माझ्या रजिस्टरात तिसरी ओळ हिरवीगार होती.

त्याच आठवड्यात साहेब पाहणीला आले. जीप फाटकाशी थांबली, ते रजिस्टर काखेत मारून ओळींकडे निघाले. मी मागून गेले. तिसऱ्या ओळीशी पोचायच्या आत मी म्हणाले, "साहेब, ह्या महिन्याचं मी न बघता लिहिलंय."

ते थांबले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, काहीतरी आत पोचलं असतं. ते म्हणाले, "पुष्कळ जण तसंच लिहितात, बाई. सांगत मात्र कुणी नाही." मग रजिस्टर माझ्या हातात देत म्हणाले, "आज फेरी मारा. जे दिसेल ते लिहा. मी पुढच्या सोमवारी येतो."

मी फेरीला निघाले. अक्का पाण्याची झारी घेऊन माझ्या मागोमाग. मी रोपापुढे थांबे, खूण करे, पुढे जाई. दहा-बारा रोपं झाल्यावर ती म्हणाली, "बाई, तू बठ्ठं मोजस. पन देखस का काही?"

"सगळं बघूनच मोजते. बघितल्याशिवाय खूण कशी करीन?"

मी नुकतीच फुली मारलेल्या रोपाशी ती उकिडवी बसली. काडी नखाने खरवडली. साल निघाली, आत ओलसर हिरवं होतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. झारी तिरकी करून पाणी घातलं आणि उठली. मी फुली खोडली आणि पुढच्या काड्या स्वतःच्या नखाने खरवडून बघितल्या. त्या दिवशी अशा सात-आठ फुल्या खोडाव्या लागल्या. मला शरम वाटायला हवी होती. वाटली नाही. पण नखाखाली हिरवा रंग राहिला होता, तो संध्याकाळी भाकरी थापताना दिसला.

त्यानंतर केव्हातरी आमचं बसणं सुरू झालं. दुपारी चारच्या सुमाराला टँकर येऊन गेला की अक्का प्रेसच्या खड्ड्याच्या कठड्यावर जाऊन बसे. एकदा तिने शेजारची जागा थोपटून मला हाक मारली, "आठे बस."

"काय करायचंय?"

"काही करू नको. बस."

मी बसले. खड्ड्यात पावसाळ्याचं पाणी साठून आता तळाशी हातभर उरलं होतं. पूर्वी त्या खड्ड्यात माणूस उतरून गठाण बांधायचा, अक्काने सांगितलं. आता सिमेंटच्या फटीतून पिंपळ आला होता. पाण्यावर लांब पायांचे किडे चालत, आणि त्यांच्या प्रत्येक पायाखाली पाण्याला बारीकशी खळी पडे. ते मी किती वेळ बघत होते ठाऊक नाही. पाठीला ऊन लागत होतं. धुरांड्याच्या तोंडात साळुंक्या शिरत आणि आत त्यांचा आवाज मोठा होऊन खाली येई. मला त्याचं काही सुख झालं असं मी म्हणणार नाही. पण तेवढा वेळ मी नवऱ्याचा विचार केला नाही, आणि विचार करत नसल्याचाही विचार केला नाही.

आम्ही रोज बसू लागलो. ती बोलत नसे. क्वचित बोट दाखवी. गाळाबरोबर तलावातून आलेली कुठली कुठली बी उगवत होती, ती कुणी लावली नव्हती. राखेच्या ढिगावर रुईची झुडपं आली होती; जांभळट फुलांची, तोडली की दूध येणारी. सरकीच्या जुन्या गोदामाच्या जागी एक एकटं कपाशीचं झाड उभं होतं. कधीच्या तरी सरकीचं. अक्का त्याला रोज पाणी घाली. ते माझ्या रजिस्टरात नव्हतं.

एकदा तिने विचारलं, "तुले रडू येस नही का?"

"नाही."

"नही तं नही," ती म्हणाली आणि खोकत राहिली. असं उत्तर मला दोन वर्षांत कुणी दिलं नव्हतं.

मार्च महिन्यात तिने मला सहाव्या ओळीशी नेलं. तिथली शिसवाची रोपं थोडी वाकडी होती, खोडांवर खरचटल्याच्या जुन्या खुणा होत्या. ती झाडं त्या टेम्पोतली आहेत, असं तिने सांगितलं. उलटलेल्या टेम्पोतून जी वाचली ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीने इथे आली. उतरवून घेणाऱ्यांत तीही होती. कुणी ती लावायला धजत नव्हतं, मग तिनेच खड्डे भरले.

मी त्या ओळीतून कितीदा तरी खुणा करत गेले होते.

ती मला तिथे सोडून गेली. मी उभी राहिले. आता काहीतरी होईल, म्हणून वाट बघत राहिले. एका खोडाला हात लावला. ते कोमट होतं, उन्हामुळे. पानाच्या मागच्या बाजूने एक मुंगी वर आली, टोकापर्यंत गेली, परत फिरली. काहीच झालं नाही. मी ओळीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. त्यातली बरीचशी जगली होती. एवढं कळलं, आणि ते खरं होतं.

एप्रिलमध्ये पुढच्या पावसाळ्यासाठी नवे खड्डे आखायचे होते. जिथे पूर्वी कापसाचे ढीग घालत त्या खडीच्या पटांगणात मी आणि दोन मजूर चुन्याच्या खुणा टाकत होतो. एक टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली. ती इतकी खाली येत होती की मजूर हात वर करून डोकं झाकत होते. मी थांबले आणि पायाखाली बघितलं. माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर चार अंडी होती. घरटं असं काही नव्हतं, खडीतच जरासा खोलगट भाग. अंडी खडीच्याच रंगाची, टोकं आत वळवून ठेवलेली. चुन्याची पुढची खूण नेमकी त्यांच्यावर पडत होती.

"ओळ इकडे घ्या," मी मजुरांना म्हणाले.

"वाकडी होईल बाई."

"होऊ द्या."

अंड्यांभोवती मी विटांचे तुकडे गोल मांडले, कुणाचा पाय पडू नये म्हणून. पुढच्या पाहणीत साहेबांनी विचारलंच, ही ओळ मध्येच का वाकली? मी म्हणाले, "अंडी होती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग विटांकडे पाहिलं, आणि पुढे गेले.

मेच्या सुरुवातीला फैजपूरहून भावाचा निरोप आला. आई ओट्यावरून पडली होती, मनगट मोडलं होतं. मुलीला काही दिवस घेऊन जा, असं त्याने कळवलं. मी शनिवारच्या एसटीने गेले. दर पंधरा दिवसांनी जातच होते, पण मुक्कामी पाहुणी जाते तशी. मुलगी मला 'धुळ्याची आई' म्हणायची. नुसती 'आई' म्हणजे माझी आई. ती गळ्यात पडली की मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि तो हात रजिस्टरावरच्या हातासारखाच चालायचा. हे कुणाला कळत नव्हतं, असं मला वाटे.

निघताना आई पलंगावरून म्हणाली, "पोरीले रागवू नको. ती तुले भेते."

"मला? मी कधी तिच्यावर ओरडले?"

"ओरडली नाहीस, म्हणूनच भेते," आई म्हणाली.

खोलीवर तिला एकटीला ठेवता येत नव्हतं, म्हणून मी तिला जीनवर आणू लागले. पहिले दोन दिवस ती टेबलाखाली बसून राहिली. मग अक्काने तिला एक फुटका डबा दिला आणि ती कपाशीच्या त्या झाडाला पाणी घालू लागली. फेरीत माझ्यामागे फिरून खूण कशाची, फुली कशाची, हेही तिने विचारून घेतलं. टिटवीच्या विटांपर्यंत मी तिला नेलं. लांबूनच बघायचं, हे सांगावं लागलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी गेलो तर खळगा रिकामा होता. टरफलसुद्धा नव्हतं.

"पिल्लं गेली का?"

"माहीत नाही. मुंगसाने नेली असतील, नाहीतर पिल्लं निघाली असतील."

ती वाकून बराच वेळ बघत राहिली. "गेली," तिने ठरवून टाकलं. "चालत."

बॉयलरच्या छपरीत राख अजून तशीच होती, मऊ आणि कोरडी. तिच्यात नरसाळ्यासारखी लहान लहान खळगी दिसत. प्रत्येक खळग्याच्या तळाशी राखेत लपलेला एक किडा असतो. मुंगी घसरून आत पडली की तो खालून राख उडवतो आणि तिला धरतो. हे अक्काने दाखवलं होतं. दुपारी मी आणि मुलगी तिथे सावलीत पालथ्या पडून बघत होतो. एक मुंगी काठावर आली, घसरली. वर चढायला लागली. खालून राखेचा फवारा आला. ती पुन्हा घसरली. तीन-चार वेळा असं झालं. मग ती तळाशी गेली, राख जराशी हलली आणि स्थिर झाली.

"मेली?" मुलीने विचारलं.

"हो."

"मग तिच्यापुढे फुली मारायची?"

ती खळग्याकडेच बघत होती.

"बाबांच्यापुढे मारली का?"

तिला कोणी काय सांगितलं होतं, मला माहीत नव्हतं. देवाघरी गेले, गावाला गेले, असंच काहीतरी असणार. मी तिला स्वतः कधीच काही सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "मारली. बाबा मेले. टेम्पो उलटला, त्यात मेले. ते परत येणार नाहीत."

ती रडली नाही. उठून बसली, आणि मग माझ्या मांडीवर कोपर रोवून, सगळा भार त्यावर टाकून पुन्हा खळग्याकडे वाकली. कोपर हाडाचं होतं, टोचत होतं. मांडी दुखायला लागली. मी पाय हलवला नाही. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा काहीतरी नीट दुखत होतं, तर ते दुखू दिलं.

"बाबा इथे यायचे?" थोड्या वेळाने ती म्हणाली.

"रोज यायचे."

"त्यांना हे माहीत होतं? ह्या खड्ड्यांचं?"

"मला नाही माहीत. आपण अक्काला विचारू."

अक्काला विचारलं. त्याला काही माहीत नव्हतं, ती म्हणाली. त्याचं सगळं लक्ष झाडांकडे, खाली बघायला त्याला सवड कुठे होती. मुलीला त्याचं हसू आलं. बाबांना माहीत नसलेलं काहीतरी तिला माहीत होतं.

मेअखेर आईचं प्लॅस्टर निघालं. मुलीला परत पाठव, असा निरोप आला. मी तिला पाठवलं नाही. खूप विचार केला असंही नाही. जूनमध्ये देवपुरातल्या शाळेत तिचं नाव घातलं. सावद्याहून आबा स्वतः आले, पोरीला एकटी कशी वाढवणार म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि जीनवर घेऊन गेले. ते केळीतले माणूस. ओळींमधून चालताना वाकून माती चुरडून बघत होते. सहाव्या ओळीशी मी सांगितलं, ही त्या टेम्पोतली. आबा तिथे खाली बसले आणि उपरणं तोंडाला लावून रडले. मुलगी त्यांच्या शेजारी उभी राहिली. मी पाणी आणून दिलं. ते संध्याकाळच्या गाडीने गेले आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

त्या पावसाळ्यानंतर अक्का कामावर यायची बंद झाली. मी तिच्या घरी गेले. एका खोलीत ती भिंतीला उशी लावून बसली होती. आडवं झालं की दम लागायचा. सुनेने मला पाट दिला. बराच वेळ आम्ही जीनवर बसायचो तशाच बसलो. मग तिने विचारलं, "आज काय देखं?"

मी सांगायला लागले. खड्डा भरलाय. पिंपळाला नवी पानं आलीत, तांबूस. बकऱ्यांनी खाल्लेली तिसरी ओळ बुडापासून पुन्हा फुटली. कपाशीला चार बोंडं. बॉयलरमधली राख भिजली, खळगी मोडली. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मला खूपच माहीत आहे. ती डोळे मिटून ऐकत होती, आणि मी थांबले की बोटाने खूण करी, पुढे सांग.

असं मी आठ-दहा वेळा गेले. एकदा गेले तर दारात बायका बसल्या होत्या. मी आत जाऊन तिच्या पायांना हात लावला. तिथेही मला रडू आलं नाही, पण तिथल्या कुणी माझ्या तोंडाकडे बघत नव्हतं.

पुढे तीन वर्षं मी जीनवर होते. शिसवाची झाडं धुरांड्याच्या निम्म्यापर्यंत गेली. नव्वद सालानंतर माझी जळगावला बदली झाली. नव्या कारकुनाला रजिस्टर देताना मी त्याला सगळ्या ओळी हिंडवल्या. त्याला घाई होती, त्याची एसटी साडेपाचची होती. काडी नखाने कशी खरवडायची तेवढं मी त्याला दाखवलं. त्याने एक काडी खरवडली, "हो, हिरवं आहे," म्हणाला आणि पुढच्या ओळीकडे वळला.